पहिल्या रांगेतली खिडकी

"वैमानिक विमान उडवतो, हा लोकांचा एक गोड गैरसमज आहे," असे तराजू नेहमी म्हणत असे. "वैमानिक ते फक्त हाकतो. उडणार की नाही, हे आधी माझ्या टेबलावर ठरतं."

तराजू हे त्याचे कचेरीतले टोपणनाव, आणि ते त्याने एखाद्या पदवीसारखे स्वीकारले होते. ज्या लहानशा विमानतळावर तो कामाला होता, तिथे पंख्याच्या दोन इंजिनांचे एक छोटे विमान रोज सकाळी येई आणि दुपार चढण्याच्या आत निघून जाई. त्यात माणसे किती, सामान किती, इंधन किती, आणि यांतले काय नाकाकडे ठेवायचे, काय शेपटीकडे, हा हिशेब तराजूचा. त्याच्या सहीचा कागद कॅप्टनच्या हाती पडेपर्यंत ते विमान त्याच्या लेखी कपाटासारखीच एक जमिनीवरची वस्तू असे. सही झाली की त्याला पंख फुटत.

हे सारे जगाला ठाऊक नव्हते, याचे त्याला फारसे दुःख नव्हते. सासूबाईंना ठाऊक नव्हते, याचे होते.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. धाकटे जावई दातांचे डॉक्टर. ओळख करून देताना त्या म्हणत, "हे आमचे धाकटे जावई, दातांचे डॉक्टर," आणि वाक्य शिक्का मारल्यासारखे संपे. मग त्या तराजूकडे वळत. "आणि हे थोरले. हे... विमानतळावर सामानाचं बघतात." त्या मधल्या थांब्यात गेल्या कित्येक वर्षांचा त्याचा अभिमान रोज थोडाथोडा झिजत आला होता.

त्यामुळे सासूबाई धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी विमानाने निघणार, आणि तेही त्याच्याच विमानतळावरून, असे कळले तेव्हा त्याला आपले दिवस पालटल्याचा भास झाला. शिवाय त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिकांचा एक घोळका त्याच विमानाने सहलीला निघाला होता. म्हणजे प्रेक्षकही तयार.

"आई, तुम्हाला पहिल्या रांगेतली खिडकी," त्याने फोनवर जाहीर करून टाकले. "आणि तुमच्या सगळ्या मैत्रिणी तुमच्या मागोमाग, पुढच्याच रांगांत. मी स्वतः शेजारी बसेन. तिथून पुढे माझी रजा आहे. विमानाचा हिशेब करायचा, सही ठोकायची आणि आत येऊन बसायचं."

"जागा वाटणं तुमच्या हातात असतं?" सासूबाईंनी विचारले. त्या आवाजात प्रथमच थोडे कुतूहल होते. ते ऐकून तो दिवसभर जमिनीपासून वीतभर वर चालला.

बायकोने मात्र भाजी चिरता चिरता विचारले, "सगळ्यांना पुढे बसवलंत तर विमान पुढे झुकणार नाही का? तुम्हीच सांगता ना नेहमी?"

"झुकेल की. म्हणून तर सगळं सामान मागच्या मालखोलीत टाकायचं. तोल म्हणजे काय, देवाणघेवाण."

"आईचं शिवणयंत्र आहे हं सामानात. हातानं फिरवायचं, लोखंडी. बाळाची झबली तिथं जाऊन शिवणार आहे."

"उत्तम. शेपटीला तेवढाच आधार."

ठरल्या सकाळी आकाश निरभ्र होते आणि धावपट्टीच्या कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी बाही डौलात फुगली होती. विमान आले. तराजू नव्याकोऱ्या शर्टात, दाढी दोनदा केलेल्या चेहऱ्याने तयार होता. तेवढ्यात विमानाचा मेकॅनिक हात पुसत आला आणि म्हणाला, "तराजूसाहेब, मागच्या मालखोलीत आज काही ठेवायचं नाही. सामान जखडायच्या जाळीचे आकडे निखळलेत."

"किती वेळ लागेल?"

"आकडे आहेत मुख्य तळावर. उद्याच्या विमानानं येतील."

तराजूने पुढच्या मालखोलीकडे पाहिले. हमाल तिथे सामान चढवू लागले होते, आणि दोघे मिळून जी पेटी रेटत होते तीत शिवणयंत्र असणार हे त्याला हिशेबाशिवाय कळले. माणसे पुढे, सामानही पुढे. मनातल्या मनात त्याने विमानाला पुढच्या पायांवर वाकून गवत हुंगताना पाहिले.

टेबलावर जाऊन त्याने आकडेमोड केली. मग पुन्हा केली, कारण उत्तर आवडले नव्हते. पहिल्या काही रांगांतली माणसे शेवटच्या रांगांत गेल्याखेरीज या विमानाला त्याची सही मिळणार नव्हती. आणि पहिल्या रांगांत कोण बसले होते हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो आत शिरला तेव्हा सासूबाई खिडकीशी ताठ बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, जणू वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांची वाट पाहत. मागच्या रांगेत भूमितीच्या बाई आणि भूगोलाच्या बाई खिडकीवरून कुजबुजत भांडत होत्या.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "एक छोटासा बदल करायचाय. तुम्ही जरा मागे बसाल का?"

"मागे म्हणजे?"

"शेवटच्या रांगेत."

"प्रसाधनगृहाशेजारी?"

"तिथं हवा चांगली खेळते," तो म्हणून गेला आणि लगेच पस्तावला.

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिले. त्या नजरेने एके काळी अख्खी शाळा चिडीचूप होत असे. "का?"

"विमान पुढून जड झालंय."

"आणि पुढे मी आहे."

"तसं नाही आई."

"म्हणजे मी जड आहे."

"नाही आई! तुम्ही जड नाही, तुम्ही फक्त पुढे आहात."

"जन्मभर मी पुढेच होते, जावईबापू. कुणाची हरकत आली नव्हती."

"तरफेचा नियम आहे तो," भूमितीच्या बाई मागून म्हणाल्या. "टेकूपासूनचं अंतर."

"तुम्ही गप्प बसा हो," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "नाहीतर तुम्हीच जा मागे, तेवढंच अंतर वाढेल."

तेवढ्यात कॉकपिटचे दार उघडले आणि कॅप्टन बाहेर आल्या. शांत, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी तराजूकडे पाहिले, मग पुढच्या रांगांतल्या पिकल्या केसांच्या पलटणीकडे, आणि एवढेच विचारले, "यांना इथं कुणी बसवलं?"

सगळ्या माना एकाच दिशेने वळल्या.

तराजूच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सासूबाईंनी ते पाहिले. त्यांच्या मनात काय आले कोण जाणे, घरच्या माणसाची चारचौघांत झालेली शोभा त्यांना सहन होत नसावी. त्या उठल्या, पदर सारखा केला, आणि ज्या आवाजावर एके काळी मैदानातल्या रांगा हलत, त्या आवाजात म्हणाल्या, "चला. हे माझे जावई आहेत. हे सांगतील तसं. पुढच्या सर्वांनी मागे. बोलायचं नाही, ढकलायचं नाही."

तराजूला भरून आले. भरून आल्यामुळे तो क्षणभर बघत राहिला, आणि तेवढा क्षण पुरला. आज्ञा शिक्षिकांपुरती होती, पण आवाज साऱ्या विमानाला उद्देशून होता. जे कधीकाळी कुठल्या ना कुठल्या शाळेत गेले होते ते सगळेच उठले. एक लठ्ठ व्यापारी, एक नवपरिणीत जोडपे, दोन पहिलवान दिसणारे भाऊ, सारे निमूट मागे निघाले. मधल्या रांगांतलेही त्यांच्यामागून गेले. थोड्या वेळाने पुढचा अर्धा भाग ओसाड पडला होता आणि मागे एकेका खुर्चीवर दोनदोन जण हक्क सांगत होते. बाहेर मेकॅनिक ओरडला, "अहो, शेपूट खाली बसतंय! टेकू लावा टेकू!"

"आता बरोबर झालं का?" सासूबाईंनी गर्दीतून विचारले.

"थोडं जास्त बरोबर झालं, आई," तराजू म्हणाला.

मग उलटा प्रवास सुरू झाला. कुणी उठायला तयार नव्हते. पुढची जागा सोडून मागची लढून मिळवलेला माणूस ती पुन्हा सोडत नाही. पहिलवान भाऊ एकमेकांशिवाय हलेनात. नव्या नवरीची चप्पल सापडेना. हवाईसेविकेने सर्वांना पाणी दिले, आणि त्यामुळे प्रसाधनगृहापुढे एक नवी रांग लागली, तीही शेपटीकडेच. तराजू माणसे उचलून ठेवल्यासारखा फिरत होता: तुम्ही इकडे, काका तिकडे, भूमितीच्या बाई मध्यावर, भूगोलाच्या बाई मध्यावर पण दुसऱ्या बाजूला. अखेर तोल जमला. आणि जमला तो असा, की पहिल्या रांगेत दोन माणसे हवीच होती.

"आई," तो घाम पुसत म्हणाला, "तुमची खिडकी."

सासूबाई पुन्हा पहिल्या रांगेत येऊन बसल्या. तो शेजारी टेकला. पट्टा आवळताना त्याला वाटले, सगळा गोंधळ झाला खरा, पण शेवटी दिलेला शब्द पाळला.

कॉकपिटचे दार पुन्हा उघडले.

या गडबडीत ऊन चढले होते. धावपट्टीवरची हवा थरथरू लागली होती, आणि ती नारिंगी बाही खांबाला लटकून पडली होती, वाळत घातलेल्या मोज्यासारखी. तापलेली हवा विरळ होते. पंखांना तिच्यात धरायला फारसे काही उरत नाही, इंजिनांनाही तिच्यात दम लागतो. समोरून वारा असेल तर तो विमानाला उचलायला हात देतो. वारा पडला की साऱ्या धावपट्टीवर विमानाला एकट्याने धावावे लागते, आणि ही धावपट्टी मुळातच आखूड. सकाळी जे वजन चालले असते ते आता चालणार नव्हते.

"एक माणूस, किंवा तेवढं सामान," कॅप्टन म्हणाल्या. "तिकडे ढग आहेत, इंधन मी कमी करणार नाही. तुम्हीच सांगा काय उतरवायचं."

तराजूने डोळे मिटून पुढची मालखोली आठवली. शिक्षिकांच्या चार बॅगा आणि ती शिवणयंत्राची पेटी, एवढे काढले तर भागत होते. आणि दुसरा एक मार्ग होता, त्यातही तोल निभत होता. तो नियम त्याने स्वतः कितीतरी सहकाऱ्यांना, काउंटरपलीकडे उभे राहून, मोठ्या गोड आवाजात ऐकवला होता: सवलतीच्या तिकिटावरचा कर्मचारी सर्वांत आधी उतरतो.

त्याने पट्टा सोडला.

"कुठं निघालात?" सासूबाईंनी विचारले.

"मी उतरतो, आई. नाहीतर तुमचं शिवणयंत्र उतरवावं लागेल."

"मग उतरवा की." त्या इतक्या पटकन म्हणाल्या की तो चमकला. त्यांचे दोन्ही हात पर्सच्या बंदावर आवळले गेले होते, बोटांची पेरे पांढरी पडली होती. एवढी वर्षे त्यांना कशाची तरी भीती वाटू शकते हे त्याने हिशेबात कधी धरलेच नव्हते. "मी एकटीनं..." त्या थांबल्या. "म्हणजे, ही खिडकी फार मोठी आहे हो."

तो त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. "आई, ती बाही दिसते? नारिंगी, खांबाला लटकलेली? विमान धावायला लागलं की तिच्याकडे बघा. तिच्यापाशी पोचायच्या आत चाकं जमिनीवरून सुटलेली असतील. मी मोजलंय."

"नक्की?"

"सही माझी आहे."

सासूबाईंनी खिडकीतून ती बाही शोधून काढली. मग म्हणाल्या, "जा मग. आणि उन्हात उभे राहू नका."

तो उन्हातच उभा राहिला, कुंपणाच्या जाळीत बोटे अडकवून. विमान धावपट्टीच्या टोकाला गेले, वळले, आणि गर्जना करत निघाले. आयुष्यात शेकडो विमानांना त्याने सह्या दिल्या होत्या. सुटताना एकाकडेही त्याने असे श्वास रोखून पाहिले नव्हते. आकडे कागदावर असतात तेव्हा ते थंड असतात. आता त्या आकड्यांना पर्स होती, पांढरी पडलेली बोटे होती. विमान धावत होते, धावतच होते. बाही जवळ येत होती. मग विमानाने नाक उचलले, चाकांखाली उजेडाची एक बारीक फट दिसली, ती रुंदावली, आणि बाहीच्या बऱ्याच अलीकडे ते विमान जमिनीचे उरले नाही.

मेकॅनिक शेजारी येऊन म्हणाला, "साहेब, तुमची बॅग गेली की वर."

बॅगेत त्याचा डबा होता, घराची किल्ली होती, आणि सासूबाईंपुढे मिरवण्यासाठी घेतलेला कंपनीचा बिल्ला होता. मेकॅनिक गेल्यावर त्याने बॅगेचे वजन आठवून पाहिले. हिशेबात ते धरलेलेच होते; म्हणजे विमान त्याने सांगितले त्याहून जड नव्हते. तेवढ्यावर तो समाधान मानून कचेरीच्या पायरीवर दुसरी किल्ली घेऊन येणाऱ्या बायकोची वाट पाहत बसला.

बायको आली ती हसू दाबतच. "आई पोचली. फोन आला होता."

"घाबरल्या नाहीत ना?"

"छे. बाहीकडे बघत होती म्हणे सारखी. म्हणाली, त्यांनी सांगितलं तसंच झालं, बाहीच्या आधी. आणि..." तिने मान वळवली.

"आणि काय?"

"विमानतळावर घ्यायला आलेल्या आमच्या डॉक्टरांना म्हणाली, मी आजवर थोरल्यांना ओळखलंच नव्हतं. फार मोठं काम आहे त्यांचं."

इतक्या वर्षांचा तो मधला थांबा आज मिटला होता. तराजू पुढे सरकला. "आणखी काय म्हणाल्या? नीट सांग. शब्द न् शब्द."

बायकोला आता हसू आवरेना. "म्हणाली, ते खाली उतरल्याशिवाय तिथलं विमान उडतच नाही."

तराजू उठला, शर्टाची सुरकुती सारखी केली, आणि पोट थोडे आत ओढून म्हणाला, "हिशेब तसा बरोबर आहे."