देवभात माणसाळवणारे भावोजी

लग्नाच्या पंगतीत आमचे भावोजी आधी घास घेत नाहीत. भाताचं एक शीत चिमटीत धरून शेजारच्याला विचारतात, "याचा खापरपणजा कोण, ठाऊक हाय?" तो बिचारा वरणाची वाट बघत असतो. भावोजी सांगतातच. भात हे मुळात पाणथळीतलं रानगवत. पिकलं की दाणे गळून चिखलात. मग कुणीतरी न गळणाऱ्या लोंब्या निवडून पेरल्या, पिढ्यान्‌पिढ्या पेरल्या, तेव्हा हे शीत झालं. "आणि तुम्ही काय केलंत? आयतं गिळलंत."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या सुमनताईचे यजमान. नागोठण्याच्या एका कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झाले. गेटवर लोकांचे डबे तपासण्यात जन्म गेला, पण माणसाला जे करायला हजारो वर्षं लागली ते आपण पेन्शनीत उरकू, याची त्यांना खात्री होती. रोह्याजवळच्या ताईच्या खाचरात चांगलं भात पिकायचं. तिथे त्यांनी देवभात पेरला. देवभात म्हणजे तळ्यात आपसूक उगवणारं रानटी भात. ऋषिपंचमीला बायका नांगरटीचं खात नाहीत, म्हणून ताई दरवर्षी तळ्यात उतरून तो मूठमूठ गोळा करायची.

लोंब्या पिकल्या की भावोजी एकेक हलवून बघत. दाणा गळला की "नालायक" म्हणून रोप उपटत. मला पेणहून आलेलं पाहिलं की त्याच नजरेने बघत. सगळं खाचर नालायक निघालं, तरी ते हटले नाहीत.

उपटेपर्यंत जे गळायचं ते गळलेलं असे. पुढच्या पावसाच्या पाण्याबरोबर ते शेजारच्या जनीकाकूंच्या खाचरात गेलं. काकू बांधावर येऊन म्हणाल्या, "सुमन गो, तुझ्या नवऱ्याचं गवत माझ्या भातात घुसलंय. मी काय खाऊ?"

 ताईने पावसाळाभर काकूंचं खाचर बेणून ते गवत उपटलं. भावोजी बांधावर छत्री धरून, रानटी रोप कसं ओळखावं ते तिला शिकवत होते. मला त्यांची शिसारी आली. शेवटी ताईचा गुडघा सुजला तो सुजलाच. डॉक्टरने चिखलात उतरायची बंदी केली.

त्या दिवसानंतर भावोजींनी प्रयोगाचं नाव काढलं नाही. कुणी न सांगता खाचरातला सगळा देवभात उपटून जाळला.

दिवाळीनंतर मी गेलो तर घराला कडी. काकूंनी तळ्याकडे बोट दाखवलं. ताई काठावर दगडावर बसली होती आणि भावोजी कमरेएवढ्या पाण्यात, लोंब्या टोपलीवर वाकवून काठीने हळूहळू झोडत होते. पोहता येत नाही त्यांना.

खूप वेळाने बाहेर आले. ताईच्या पदरात दाणे ओतले. मूठभरही नव्हते.

"इतकंच?" ताई म्हणाली.

मी व्याख्यानाची वाट पाहिली. ते झालं नाही.

"पुढच्या पंचमीला पुरायला हवं तुला," ते म्हणाले. "उद्या परत उतरतो." आणि हात धरून त्यांनी तिला जपून उठवलं.