हाउसफुल आणि चिडीचूप

"प्रेक्षक जमवणं म्हणजे काय मोठी गोष्ट आहे! ते माझ्यावर सोड!" असं मी नातीला म्हणालो आणि माझाच आवाज ऐकून दचकलो. आयुष्यात मी चार माणसं कधी जमवली नव्हती. माझ्या लग्नालासुद्धा लोकांना थोरल्या भावाने बोलावलं होतं.

नात विद्यापीठात कला-व्यवस्थापन शिकते. शेवटच्या परीक्षेसाठी तिला एक नाटक उभं करायचं होतं. नाटकात काम नव्हे. हॉल, जाहिरात, तिकिटं, प्रेक्षक हे सगळं बघायचं. परीक्षक होते एका मोठ्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक. त्यांना काम आवडलं तर तिथेच नोकरी! नाहीतर तिच्या बापाने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, आपल्या विमा कचेरीत तिच्यासाठी टेबल पुसूनच ठेवलं होतं.

"आजोबा, तिकिटं कोणी घेतच नाहीये. रिकाम्या खुर्च्या दिसल्या की मी संपले!"

"अगं, फुकट पास वाटायचे. तुझ्याच पाठ्यपुस्तकात वाचलं मी."

"पण नाटक विनोदी आहे. हसणारी माणसं हवीत!"

"आमची सगळी हसरीच आहेत!"

आमची म्हणजे वाचनालयातली. पास मी वाचनकक्षातच वाटले, तेही कुजबुजत. तिथल्या ग्रंथपालबाईंसमोर पेन्सिल पडली तरी लोक माफी मागतात. एक पास त्यांनाही दिला. न देण्याचं धैर्य कुणात होतं?

आणि हॉल भरला! नात आनंदाने नाचायचीच बाकी होती. एवढ्यात ग्रंथपालबाई आल्या, मधल्या रांगेत बसल्या आणि त्यांनी चष्म्यावरून एकदा चौफेर पाहिलं. झालं! अख्खा हॉल चिडीचूप.

पहिला विनोद झाला. शांतता. दुसरा झाला. शांतता. नायक पायजम्यात पाय अडकून धाडकन पडला. तरी शांतता! एका गृहस्थांना हसू फुटलं, तर त्यांनी तोंडात रुमाल कोंबला. खोकणारे बाहेर जाऊन खोकून येत होते. नायकाने घाबरून आवाज चढवला, तर बाई ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "शूऽऽ!" सवयीने हो! बिचारा कुजबुजायला लागला. मग नायिकाही कुजबुजली. पुढचं कडाक्याचं भांडण तर दोघांनी असं केलं, जणू शेजारच्या खोलीत तान्हं मूल झोपलंय.

नात शेवटच्या रांगेत माझ्याजवळ आली. चेहरा पांढराफटक.

"आजोबा, कसली माणसं आणलीत ही? दुखवट्याला आल्यासारखी!"

"अगं, एरवी ती अशी..." एरवीही ती अशीच असतात, हे मला तेव्हा आठवलं!

आता काय करावं? एकाने सुरुवात केली की बाकीचे हसतात, असंही त्या पुस्तकात होतं. चारचौघांत कधी मोठ्याने न हसलेला मी! डोळे गच्च मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि हसलो. हसलो कसला, खिंकाळलोच! डोळे उघडून पाहतो तर रंगमंचावर नायिका आईच्या फोटोपुढे रडत होती.

अंधारातच सगळा हॉल आवाजाच्या दिशेने वळला. "शूऽऽ!"

पडदा पडला. टाळी नाही. लोकांनी आपापल्या खुर्च्या उचलून, आवाज न करता सरळ लावल्या आणि चवड्यांवर चालत निघून गेले.

परीक्षक आमच्याकडे यायला लागले. नातीने माझा हात घट्ट धरला. मला तर विमा कचेरीतलं ते टेबलच दिसायला लागलं.

"लोक हसले नाहीत, तो दिग्दर्शकाचा दोष," परीक्षक म्हणाले. "पण हॉल भरलेला, सगळे वेळेवर, एक मोबाईल वाजला नाही, खुर्च्यासुद्धा सरळ! आमच्याकडे ऐन गाण्यात लोक वेफर्सची पाकिटं फोडतात हो! हे असले प्रेक्षक तू तयार केलेस? पोरी, एक तारखेपासून कामावर ये!"

"क्काय?" नात किंचाळली.

"फक्त तो मागे खिंकाळणारा म्हातारा कोण होता गं? त्याला आमच्या दारातसुद्धा उभा करायचा नाही!"

नातीने माझा हात हळूच सोडला.

"कुणास ठाऊक, सर. असाच घुसला असेल."

"काय एकेक लोक असतात!" मी म्हणालो आणि मागे वळून त्या म्हाताऱ्याला शोधू लागलो.