सात बदके

पर्यावरण ही बदलणारी गोष्ट असल्यामुळे तिचे पाठ्यपुस्तक तरी न बदलणारे असावे, याबद्दल जबाबदार माणसांमध्ये दुमत नाही. रोज बदलणाऱ्या गोष्टीबद्दल रोज बदलणारे पुस्तक मुलांच्या हातात दिले, तर मुलांनी विश्वास ठेवायचा कशावर?

हा विचार शाळेच्या पुस्तक निवड समितीला एकाच बैठकीत सुचला, आणि बैठक चहा यायच्या आत संपली. समितीत चौघे होते. संस्थेचे कार्यवाह, म्हणजे ज्यांच्या शब्दाबाहेर शाळेची घंटाही वाजत नाही. मुख्याध्यापिका बाई. पालकांचे प्रतिनिधी म्हणून एक दातांचे डॉक्टर (इतरांची तोंडे उघडायची सवय असल्यामुळे ते स्वतःचे उघडत नसत). आणि विज्ञानाचे सर. समितीत विज्ञान समजणारा एक तरी माणूस असावा असा नियम आहे, आणि त्याने सही करावी असाही आहे.

टेबलावर दोन पुस्तके होती. एक नवे, दुसरे सव्वीस वर्षांपूर्वीचे. कार्यवाहांनी नवे पुस्तक नेमके चौथ्या धड्यावर उघडले. तिथे मुलांसाठी उपक्रम होता : ‘तुमचे घर आहे त्या जागी पूर्वी काय होते, ते मोठ्या माणसांना विचारून या.’

“हे काय?” कार्यवाह म्हणाले. “मुलांनी मोठ्यांना उलटे प्रश्न विचारायचे? हे संस्कार?”

आता इथे एक किरकोळ बाब सांगून टाकलेली बरी. शाळेच्या मागे पूर्वी एक तळे होते. ते भरून त्यावर पाच इमारतींचे संकुल उभे राहिले. ते कार्यवाहांच्या मेहुण्याने बांधले, आणि तळमजल्यावरच्या जागा शाळेच्या शिक्षकांना सवलतीत दिल्या. सरांची जागा त्यातच होती. अर्थात याचा पुस्तकाशी काडीचाही संबंध नाही, आणि तो नाही हे समितीने इतिवृत्तात स्वतंत्रपणे नोंदवले आहे.

शिफारसपत्र लिहायचे काम सरांकडे आले. सर मूळचे भले माणूस. तरुणपणी हेच सर काचेच्या बरण्या देऊन अख्खा वर्ग तळ्यावर नेत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरत आणि बेडकाची अंडी दाखवताना स्वतःच पोरांपेक्षा जास्त ओरडत. पण माणसाला घर झाले की आवाज आपोआप खाली येतो. सरांनी मान खाली घातली आणि लिहायला घेतले. पत्र इतके उत्तम उतरले की त्यातला काही भाग इथे दिल्याशिवाय राहवत नाही.

‘जुन्या पुस्तकातली माहिती स्थिर आहे. नव्या पुस्तकात प्रत्येक आवृत्तीला पृथ्वीचे तापमान वाढते, त्यामुळे एकाच घरातली थोरली आणि धाकटी भावंडे एकाच प्रश्नाची वेगळी उत्तरे देतात व घरात भांडणे होतात. जुन्या पुस्तकात प्राणी जास्त आहेत. नव्यात त्यांतले बरेच नामशेष दाखवल्यामुळे पालकांना तेवढ्याच किमतीत कमी प्राणी मिळतात. जुन्या पुस्तकातली हवा वाचायला स्वच्छ आहे. नव्या पुस्तकातली नदी पाहून काही मुलांना मळमळल्याचे समजते. जुन्यातल्या नदीने आजवर कोणालाही त्रास दिलेला नाही. शिवाय मुखपृष्ठ हिरवे आहे.’

“वा!” बाई म्हणाल्या. “सर, तुम्ही विज्ञानात फुकट गेलात.”

जुने पुस्तक लागले. त्यातला उपक्रम असा : ‘जवळच्या तळ्याला भेट द्या. बरणीत पाणी घ्या. काय दिसले ते लिहा.’ याला वीस गुण. यात नापास झालेल्याला पुढे विज्ञान शाखा मिळत नाही, इतका तो महत्त्वाचा. तळे नसल्यामुळे अडचण येईल असे एका नवख्या शिक्षिकेने म्हटले होते, पण तिला अनुभव कमी. सरांनी नमुना उत्तरच फळ्यावर लिहून दिले, तेही पुस्तकातल्या चित्रावरून. ‘तळ्याचे पाणी नितळ आहे. कमळे फुलली आहेत. काठावर सात बदके आहेत.’

निकाल डोळे दिपवणारा लागला. पहिल्याच वर्षी झाडून सगळ्या मुलांनी तळे पाहिले. पूर्वी खरे तळे होते तेव्हा निम्मी पोरे सर्दीचे निमित्त सांगून घरी बसत. आता ज्यांना गोवर आला होता त्यांनीही पाहिले. सगळ्यांना बदके सातच दिसली (आठवे छपाईत अर्धे कापले गेले आहे. एका चौकस मुलाने साडेसात लिहिली, त्याला निरीक्षणशक्तीबद्दल शाबासकी मिळाली). तळे बुजवल्यामुळे तळ्याचा अभ्यास सुधारतो, हा निष्कर्ष इतका सरळ होता की संस्थेने मैदानाबाबतही तसाच विचार सुरू केला.

सगळे कसे छान चालले होते. पण सरांना एक मुलगी होती.

मुलगी त्याच शाळेत, नववीत. लहानपणापासून किड्यामुंग्यांचा नाद. काड्यापेटीत भुंगे ठेवायचे, उशाशी गोगलगाय घेऊन झोपायचे. पुढे विज्ञान घ्यायचे, प्राण्यांचा अभ्यास करायचा, हे तिने केव्हाच ठरवून टाकलेले. दुसरे काही सुचवले की ती इतक्या दयेने बघे की सुचवणाराच ओशाळा होई.

त्या वर्षी आठवडाभर पाऊस लागला आणि एके सकाळी सरांच्या बैठकीच्या खोलीत फरशांच्या सांध्यांतून पाणी वर आले. आले ते आले, घोट्यापर्यंत चढले आणि ठाण मांडून बसले. संकुलाच्या व्यवस्थापनाने तातडीने पत्रक काढून त्याला ‘किंचित ओल’ असे नाव दिले. किंचित ओल चौथ्या दिवशी पलंगाच्या खालच्या फळीला लागली. आईने पिठाचे डबे कपाटावर चढवले, त्यावर देव चढवले, आणि ती सरांना म्हणाली, “घ्या, सवलत घ्या!” सर पाय पोटाशी घेऊन पलंगावर बसून पेपर तपासत होते.

मुलीने मात्र बरणी काढली.

तिने शाळेत दिलेले टिपण असे होते : ‘तळे आमच्या घरात आहे. अंतर : काही नाही. खोली : माझ्या घोट्याइतकी, दाराजवळ थोडी जास्त. पाणी गढूळ. दिसलेले जीव : बेडकाची पिल्ले, पाणकिडे, एक गोगलगाय, पलंगावर बाबा. कमळे नाहीत. बदके नाहीत.’

सोबत बरणी होती. त्यात बेडकाची चार पिल्ले शेपट्या हलवत होती. पुराव्याला जिवंत असण्याची ही वाईट सवय असते.

बाईंनी सरांना आत बोलावले. “सर, मुलगी हुशार आहे. पण तिला गुण दिले तर तळे आहे असे होते. तळे आहे म्हटले तर ते संकुलात आहे असे होते. मग कार्यवाह काय म्हणतील, आणि तुमच्या जागेला उद्या गिऱ्हाईक तरी कोण येईल? तिला म्हणावे, चार ओळी तर बदलायच्या. सात बदके घातली की झाले.”

सर घरी आले. पाणी तसेच होते. मुलगी पलंगाच्या कडेला बसून पाय पाण्यात सोडून पिल्लांना भाताची शिते घालत होती.

“अगं, एवढं लिहून टाक ना,” सर म्हणाले. “सगळ्यांनी लिहिलंय. सात बदकं.”

“पण नव्हती बाबा.”

“होती गं!” सरांच्या तोंडून गेले. “चांगली पांढरी होती. संध्याकाळी ओळीने बाहेर यायची. मी स्वतः पाहिलीयत.”

“कुठे?”

सरांनी खाली पाहिले. त्यांची चप्पल तरंगत तरंगत दाराकडे निघाली होती.

“बाबा, कुठे पाहिलीत?”

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. सरांच्या ओठांशी उत्तर आले. आले ते खरे होते म्हणूनच बहुधा बाहेर पडेना. एवढी वर्षे हजार पोरांना ‘बघा, नीट बघा’ म्हणून ओरडलेला माणूस स्वतःच्या पोरीकडे बघू शकत नव्हता.

“तुम्ही सांगा कुठे,” मुलगी म्हणाली, “मी तसं लिहिते. सात बदकं होती, इथेच होती, बाबांनी पाहिली. खाली तुमची सही करा.”

दुसऱ्या दिवशी सरांनी टिपण तपासले. शेरा मारला : ‘निरीक्षण पाठ्यपुस्तकाशी जुळत नाही.’ गुण : शून्य. (आपल्या मुलीशीही पक्षपात न केल्याबद्दल वार्षिक समारंभात त्यांना शाल देण्यात आली. ती कोरडी असल्यामुळे घरात फार उपयोगी पडली.)

मुलगी आता दुसऱ्या शाखेत आहे. बरी शिकते. काड्यापेट्या तिने आईला परत केल्या. घरी आलेल्यांना पाणी देते, विचारले तेवढे बोलते. वडिलांना ‘बाबा’ म्हणायची, ते आता फारसे लागत नाही. सर मधूनच काहीतरी दाखवायला तिला हाक मारतात, भिंतीवरची पाल वगैरे. ती येते, बघते, “हो,” म्हणते आणि जाते.

पुस्तक आणखी पाच वर्षांसाठी मंजूर झाले आहे.

आणि ती जागा सरांनी विकायला काढली आहे. उन्हाळ्यात दाखवतात, फरशी नवीन बसवली आहे. आत्तापर्यंत बरीच मंडळी पाहून गेली, सगळी शिकलेली. पार्किंग कुठे, शेजारी कसे, उजेड किती तास, सगळे खोदून खोदून विचारतात. मुलगी दाराशी उभी असते. एका प्रश्नाचे उत्तर तिने तयार ठेवले आहे, खरे उत्तर, आणि कोणी विचारले तर ती ते देणार आहे. इथे पूर्वी काय होते, एवढाच तो प्रश्न. अजून कोणी विचारलेला नाही.

परवा आपणही येऊन गेलात. खोलीच्या मधोमध उभे राहून आपण फरशीवर पाय आपटून पाहिलात आणि छान गार लागते म्हणालात. शाळा जवळच आहे हे कळल्यावर मुलांच्या पर्यावरणाला पुस्तक कोणते आहे, तेसुद्धा आवर्जून विचारलेत. जुनेच आहे, सात बदकांचे, असे सरांनी सांगितले, तेव्हा आपला जीव भांड्यात पडला. आपणही त्याच पुस्तकातून शिकला होतात, आणि आपल्याला वीसपैकी वीस होते.