बदलापूरचं पाणी

कडावच्या भिवाजीला आगगाडीतलं सगळं कळत होतं. हे दुसरं कुणी म्हणत नव्हतं, तो स्वतःच म्हणायचा, आणि कुणी विचारायच्या आधी म्हणायचा!

त्याला कारणही तसंच होतं. कर्जत स्टेशनात ताकाचं मडकं घेऊन तो वर्षानुवर्षं उभा राहत आलेला. पुण्याकडं जाणारी गाडी आली की तिला घाट चढवायला जादा इंजिन लागायचं. ते इंजिन येणार, मागंपुढं करणार, साखळ्या अडकणार, तोवर उतारू खाली उतरून ताक पिणार, हातपाय धुणार, तंबाखू मळणार, एखादा तर आडवासुद्धा होणार. घाट उतरून मुंबईकडं जाणारी गाडीही तिथं चांगली दम खायची. हे सगळं पाहून पाहून भिवाजीनं आगगाडीचं शास्त्र बसवलं होतं.

"गाडी थांबली म्हंजी घाई नाय करायची," तो गावात सांगायचा. "आदी ताक प्यायचं. मंग आनकी ताक प्यायचं. इंजन लागल्याबिगर गाडी हलतीय व्हय? तिला बैल लागत न्हाईत, पर इंजन लागतंच की!"

अशा या जाणत्या माणसाचं एवढंच राहून गेलं होतं, की तो गाडीत कधी बसला नव्हता.

ती वेळ आणली सासूबाईंनी. भागूबाई साजगावच्या. भात झोडून झाल्यावर त्या लेकीकडं चार दिवस राहायला आल्या होत्या. बाई मोठी करारी. जावयाला मान द्यायच्या, पाट मांडायच्या, पण लग्न झाल्यापासून "जावय कामाचा हाय" एवढं चारचौघांत एकदाही म्हणाल्या नव्हत्या. म्हणायच्या काय, तर "जावय बोलतो झ्याक!" हे भिवाजीला काट्यासारखं सलायचं.

आणि त्या वर्षी भागूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "आता समदं धुरकाट दिसाय लागलंय. डोळं जायच्या आदी एकदा त्यो शिव्ह बगायचा व्हता. म्हमईला राणीच्या बागंत ठिवलाय म्हनं."

झालं! भिवाजी ताटावरून उठला. "आत्याबाई, तुमास्नी शिव्ह दावला न्हाई तर नावाचा भिवाजी न्हाई! सकाळच्या गाडीनं जायाचं, शिव्ह बगायचा, दिवेलागनीला घरी!"

"बगू," भागूबाई म्हणाल्या. "दावलात तर गावासमूर म्हनंन, जावय कामाचा हाय."

भिवाजीला त्या रात्री सिंहापेक्षा हे वाक्यच जास्त दिसत राहिलं.

पहाटेच्या गारठ्यात विठूनं बैलगाडीनं त्यांना कर्जतला सोडलं. विठू भिवाजीचा चुलतभाऊ. "सांजच्याला न्यायला येतो," म्हणाला. भिवाजीनं तिकिटं काढली आणि जपून कमरेला खोचायला निघाला. पण भागूबाईंनी स्वतःचं आणि लेकीचं तिकीट त्याच्या हातून घेऊन पदराच्या गाठीत बांधून टाकलं. भाकरीचं गाठोडंही त्यांनी मांडीवरच घेतलं.

"माज्याकडं द्या की!" भिवाजी म्हणाला.

"असू द्या. तुमाला बोलायला हात मोकळं पायजेत," सासूबाई म्हणाल्या.

तिकडं तोंड फिरवून भिवाजीची बायको जयवंता पदराआड हसली. तिच्याकडं होता फक्त रिकामा पितळी तांब्या.

गाडी सुटली आणि भिवाजीचं तोंडही सुटलं. नेरळ आलं कधी, गेलं कधी, त्याला कळलंसुद्धा नाही, कारण तो समोरच्या बाकावरच्या एका लठ्ठ भटजींना घाटातली चढण समजावून सांगत होता. भटजी कल्याणला एक लग्न लावायला निघाले होते. मुहूर्त गोरज, म्हणून स्वारी निवांत होती.

बदलापूरला गाडी थांबली. भागूबाई म्हणाल्या, "घसा सुकला बाय."

"पानी आनतो, आत्याबाई!" भिवाजीनं तांब्या उचलला.

"अवं, गाडी सुटंल," जयवंता म्हणाली.

"कुनाला सांगतीस गं? इंजन लागायचं हाय अजून!"

एवढ्या ठणठणीत आवाजात सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही? भटजीसुद्धा उठले. स्टेशनाबाहेर विहीर होती. भटजींनी स्वतःच्या हातानं पोहरा ओढला, तोंडावर पाणी मारलं आणि गाडीकडं मान वळवून पाहू लागले.

"भटजीबुवा, अशी घाई कशापायी करताय? आंगूळ केलीत तरी चालंल!"

"खरंच चालेल?"

"आवो, गाडीतलं समदं मला इचारा! अजून तर इंजनाचा पत्ताच न्हाय!"

भटजींना काय, पाणी दिसलं की अंघोळ सुचतेच. त्यांनी अंगरखा काढला, "गंगे च यमुने चैव" म्हणत पहिला पोहरा डोक्यावर घेतला. भिवाजीनं तांब्या घासून पुसून भरला, मग पायरीवर बसून तंबाखू मळायला घेतली. भटजींनी दुसरा पोहरा वर उचलला आणि शिट्टी झाली.

"ही कसली शिट्टी?" डोळ्यांवरचं पाणी पुसत भटजींनी विचारलं.

"ही व्हय? ही इंजनाला बोलवायची!" भिवाजी म्हणाला.

तेवढ्यात गाडी चालायला लागली! भिवाजीनं आधी मान वळवून पाहिलं, मग अंग वळवलं, मग तोंड उघडलं. "अरं अरं अरं! इंजन लागलं न्हाय अजून! थांबवा! इंजनाबिगर कुटं निगाली?"

पुढं हातात तांब्या घेतलेला भिवाजी, मागं ओलेत्या धोतराचे भटजी, असे दोघं धावले. गाडीच्या खिडकीतून भागूबाईंचं डोकं बाहेर आलं. त्यांनी जावयाकडं पाहिलं, भटजींकडं पाहिलं आणि डोकं आत घेतलं.

त्यानंतर भटजी जे बोलले ते काही संस्कृत नव्हतं! "मेल्या! माझं पोथ्यांचं गाठोडं गेलं! अंतरपाट गेला! तिकडं नवरीच्या बापाला काय सांगू? आंघोळीला उतरलो म्हणून सांगू?"

"फुडच्या ठेसनात थांबंल की ती..." भिवाजी पुटपुटला.

"तुझ्यासाठी थांबेल? इंजिन लावायला?"

पुढची गाडी चांगली उन्हं चढल्यावर आली. तोवर भिवाजी फलाटावर तांब्या मांडीवर घेऊन बसला होता. आता मात्र त्याला खरंच भीती वाटायला लागली. दोघी बायका, एकीला नीट दिसत नाही, दुसरी कर्जतच्या पलीकडं कधी गेली नाही, आणि एवढी थोरली मुंबई! 'सिंह राहिला बाजूला, मी म्हातारीलाच हरवून बसलो,' असं मनात येऊन त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. तंबाखूसुद्धा गोड लागेना.

गाडीत बसल्यावर भटजींचा राग थोडा उतरला. माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त ओला होता. "हे बघ," ते म्हणाले, "आजपासून एक ध्यानात ठेव. शिट्टी झाली की चढायचं. इंजिन, घाट, ताक, कसलाही विचार करायचा नाही. शिट्टी झाली, की चढ! म्हण."

"शिट्टी झाली की चढ."

"पुन्हा म्हण."

कल्याण येईपर्यंत भटजींनी त्याच्याकडून हे एखाद्या मंत्रासारखं घोकून घेतलं. कल्याणला उतरतात तो फलाटावर एक हमाल गाठोडं घेऊन उभा. "वल्लं भटजी तुमीच काय?" त्यानं विचारलं. "एका म्हातारीनं हे दिलंय. म्हनाली, वल्लं भटजी येतील त्यास्नी द्या. आनि संगती एक कोरडा आसंल, त्याला सांगा आमी शिव्ह बगाया फुडं जातो."

भटजींनी गाठोडं छातीशी धरलं. "ही कोण रे तुझी?"

"सासू," भिवाजी म्हणाला.

"फार शहाणी बाई! तुला मुलगी कशी दिली मग?" एवढं विचारून भटजी लग्न लावायला निघून गेले.

भायखळ्याला उतरून भिवाजी धावत सुटला. ट्रामचे घोडे बघितले नाहीत, दुकानं बघितली नाहीत, दिसेल त्याला "राणीचा बाग? राणीचा बाग?" एवढंच विचारत गेला. तांब्यावर तळहात घट्ट दाबून धरलेला. का धरलाय हे त्यालाही सांगता आलं नसतं, पण आणतो म्हणून सांगितलेली तेवढी एकच वस्तू त्याच्या हातात उरली होती.

बागेच्या दाराशी झाडाखाली दोघी बसल्या होत्या. भाकरी खाऊन झाली होती. भोवती भाजीवाल्या बायकांचा घोळका, आणि मधोमध भागूबाई साजगावच्या गोष्टी सांगतायत! जयवंता उठून उभी राहिली. नवऱ्याला बघून तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आत्याबाई!" भिवाजी धापा टाकत म्हणाला. बोलण्यात ज्याचा हात धरणारा कडावात कुणी नव्हता, त्याची जीभ टाळ्याला चिकटली. त्यानं नुसता तांब्या पुढं केला. "पानी."

भागूबाईंनी तांब्या हातात घेतला, आत पाहिलं. निम्मं पाणी हिंदकळून गेलं होतं. "बदलापूरचं?"

"व्हय."

म्हातारीनं तांब्या वर धरून सगळं पाणी पिऊन टाकलं. तोंड पुसलं. "ग्वाड हाय," म्हणाल्या.

"तुमी हितवर कशा आलात?"

"तोंड हाय की मला. ह्या बायांना इचारलं, त्यांनी हाताला धरून आनलं."

"आनि शिव्ह?"

भागूबाईंचा चेहरा असा फुलला की जयवंतानंही आईला कधी तसं पाहिलं नव्हतं. "बगितला! धुरकाट दिसला, पर दिसला. पिवळाजर्द, ही एवढी आयाळ! झोपला व्हता. मी गजाला धरून हुबी ऱ्हायले, तवा त्यानं एक डोळा उगडून माज्याकडं बगितलं. जल्माचं सोनं झालं बगा. आता डोळं जाईनात का!"

"म्या बी बगून येतो, हा आलोच..."

"गाडी?" जयवंता म्हणाली.

भिवाजीनं पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं. परतीच्या गाडीची वेळ झाली होती. सिंह वीतभर अंतरावर भिंतीपलीकडं झोपला होता, आणि भिवाजीनं त्याला न बघताच पाठ फिरवली. फलाटावर शिट्टी होण्याच्या कितीतरी आधी तो दोघींना घेऊन गाडीत चढून बसला. वाटेत बदलापूर आलं तेव्हा त्यानं बाकाची कड दोन्ही हातांनी पकडून ठेवली. जयवंतानं मुद्दाम विचारलं, "पानी आनताय न्हवं?" त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

कर्जतला दिवे लागले होते. गाडी पुरती थांबलीही नव्हती, तोच भिवाजी ओरडायला लागला, "उतरा! उतरा! सुटंल!" सगळ्यांच्या आधी उडी मारून तो फलाटावर, तांब्या त्याच्या हातात.

"आवो, हितं तर इंजन लागायचं हाय!" भागूबाई सावकाश, लेकीचा हात धरून उतरल्या.

विठू गाडी घेऊन आला होता आणि सिंहाची हकिगत ऐकायला निम्मं कडाव बरोबर आलं होतं. सगळ्यांनी फलाटावरच गराडा घातला. "मावशे, बगितला का शिव्ह?"

भिवाजीनं मान खाली घातली. आता सगळं बाहेर पडणार! उद्यापासून ताक विकायला नेरळला जावं लागणार!

भागूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "बगितला तर! जावयानं न्हेलं म्हनून बगितला. त्यानं भाईर काडलं न्हसतं, तर मी चुलीम्होरंच मेले असते की रं! जावय माजा कामाचा हाय!"

काय सांगावं! भिवाजीला वाटलं, आता फलाटावरच लोळण घ्यावी. त्याची छाती भरून आली, आणि छाती भरून आली की त्याचं तोंड उघडल्याशिवाय राहत नसे!

"आवो, शिव्ह म्हंजी काय, थोरला रेडाच!" तो म्हणाला. जयवंतानं डोळे मिटून घेतले. "मी असा गजाला धरून हुबा! त्यानं एक डोळा उगडला आनि माज्याकडं बगितलं!"

"वरडला का रं?" विठूनं विचारलं.

"वरडला म्हंजी? अख्खी म्हमई हादरली! असा वरडला, असा..." भिवाजीनं छातीत वारा भरून घेतला.

नेमकं तेव्हाच, मागं घाटाच्या गाडीला इंजिन लागलं आणि शिट्टी झाली!

भिवाजीच्या चेहऱ्यावरचा सिंह कुठल्या कुठं पळाला. "शिट्टी झाली की चढ!" असं किंचाळत त्यानं दोघांना बाजूला ढकललं, तांब्या बगलेत मारला आणि समोरच्या उघड्या दारातून डब्यात उडी घेतली. गाडी हलली. खिडकीतून त्याचं डोकं बाहेर आलं. फलाटावर उभी असलेली बायको दिसली, सासू दिसली, सगळं कडाव दिसलं, आणि मग आपण कुठं आहोत ते त्याच्या ध्यानात आलं. तोवर गाडी घाटाला लागली होती.

फलाटावर विठू डोकं खाजवत म्हणाला, "आता ह्यो उतरनार कुटं?"

"घाटातल्या ठाकूरवाडीला," जयवंता म्हणाली. "थांबली तर."

भागूबाई बैलगाडीकडं चालू लागल्या. चाकावर पाय ठेवताना थांबल्या आणि विठूला म्हणाल्या, "तांब्या त्याच्यापाशीच हाय न्हवं रं? मंग काळजी करू नगा. येतोय त्यो, पानी घेऊन."