तात्यासाहेबांच्या इटालियन माश्या

"यंदा रामनवमीच्या पंचामृतात बाजारचा मध पडणार नाही. मध माझ्या घरचा!" असं तात्यासाहेबांनी गल्लीतल्या राममंदिरात सगळ्या मराठी मंडळींदेखत जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या घरी एकसुद्धा मधमाशी नव्हती. होती ती फक्त निवृत्ती, आणि ग्वाल्हेरच्या दौलतगंजातली एक रिकामी गच्ची.

पण शब्द दिला म्हणजे दिला. माघ सरता सरता ते मुरैन्याच्या वाटेवर गेले आणि मधमाश्यांची एक पेटी घेऊन आले. माश्या साध्यासुध्या नाहीत, इटालियन! कोणे एके काळी साता समुद्रापलीकडून आणलेली ही जात आधी पंजाबात रुळली, मग सरसोच्या, म्हणजे मोहरीच्या, फुलांमागे सरकत सरकत चंबळेपर्यंत आली आणि इथलीच होऊन बसली. तात्यांना हे फार म्हणजे फारच भावलं. आपले पूर्वज तरी काय वेगळे? दख्खनेतून घोड्यावर आले, ते परत जायचं विसरून गेले. गच्चीवर पेटी ठेवताना त्यांनी माश्यांना "या, बसा" असं म्हटलंसुद्धा. त्यांच्या पत्नी विजयाबाई त्यावर म्हणाल्या की बसा म्हणू नका, बसल्या तर चावतील.

मग तात्यांच्या दुपारी गच्चीवरच जाऊ लागल्या. आरामखुर्ची, डोक्याला टॉवेल, आणि कानांत ती एकसुरी गुणगुण. डोळे मिटले की दौलतगंजाची छपरं, वायरी, पाण्याच्या टाक्या सगळं विरघळून जाई आणि क्षितिजापर्यंत पिवळी सरसो डोलू लागे. त्या पिवळ्या समुद्रावर आपल्या माश्या तरंगताहेत आणि थेंब थेंब मध रामरायाकडे चालला आहे, असं ते बघत राहत. चहा गार होई. सुखी माणूस होता बिचारा.

फाल्गुनात सरसो कापली गेली. आता फुलं नाहीत, या मुक्या जिवांना साखरेचं पाणी ठेवायला हवं, असं म्हणत विजयाबाई पातेलं घेऊन वर आल्या. तात्यांनी कानांवर हात ठेवले. देवाच्या मधात साखर? एक दाणासुद्धा चालायचा नाही! पातेलं खाली गेलं. माश्या मात्र रोज सकाळी निघत आणि जडावून परतत. कुठेतरी किल्ल्यामागे, कुणालाच ठाऊक नसलेलं एक शेत अजून फुललेलं असणार, असं तात्या मनाशी म्हणत आणि पुन्हा डोळे मिटत.

त्या शेताचा पत्ता घेऊन एक दिवस दिग्विजयसिंह आले. हे कोपऱ्यावरचे मिठाईवाले. पणजोबा फौजेत तलवार चालवायचे, हे कढईत झारा चालवतात.

"तात्या, तुमच्या माश्यांनी माझी दुकानदारी पार बुडवली. जिलबीच्या पाकावर झुंडच्या झुंड बसते. गिऱ्हाईक लांबूनच परत जातं."

तात्या हसले. आपल्या माश्या इटलीच्या, त्यांना जिलबी काय ठाऊक, ही कुणा गावठी माश्यांची करणी असणार, असं त्यांनी समजावून सांगितलं. दिग्विजयसिंहांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकावरच्या माश्यांवर चाळणीने मैदा भुरभुरवला, आणि तडक तात्यांच्या गच्चीवर येऊन बसले.

ऊन कलत होतं. निळ्या आभाळातून एकेक पांढरी माशी सावकाश उतरत होती. पेटीच्या दारात पांढऱ्या माश्यांची दाटी झाली. ग्वाल्हेरात बर्फ पडतोय की काय, असं क्षणभर तात्यांना वाटलं, इतकं ते सुंदर होतं.

"ओळखल्या?" दिग्विजयसिंहांनी विचारलं.

तात्यांनी डोक्यावरचा टॉवेल डोळ्यांवर ओढला.

नवमीच्या आदल्या दिवशी मध काढला. रंग केशरी, वास वेलचीचा. आता मात्र तात्यांचं धाबं दणाणलं. गुपचूप बाजारचा मध न्यावा, तर शब्द मोडतो. हाच न्यावा, तर माश्या नुसत्या पाकावर थोड्याच बसल्या असतील? गिऱ्हाइकांनी चाटून टाकलेल्या द्रोणांवरही बसल्या असणार. म्हणजे रामरायाला अख्ख्या गल्लीचं उष्टं! सगळ्यांसमोर छाती पुढे काढून बोललो होतो, आता तोंड कुठे लपवू, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी बरणी घेऊन ते मंदिरात गेले आणि पुजारी नानांच्या कानाशी लागून सगळं सांगून टाकलं. पण नानांना ऐकू येतं बेताचंच. "मोठ्याने सांग" असं ते म्हणत गेले, तात्या आवाज चढवत गेले, आणि शेवटी जिलबी, द्रोण, मैदा सगळं भरल्या मंडपाने ऐकलं. विजयाबाईंनी पदर तोंडाला लावला. पंचामृत कालवणाऱ्या सुधाताईंचा हात दुधाच्या पातेल्यातच थांबला.

नानांनी बरणी हातात घेतली.

"माशीच्या तोंडून आलेला मध कधी उष्टा होत नाही," ते म्हणाले. "देवाला चालतो."

तात्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मान ताठ झाली, छाती पुन्हा इंचभर पुढे आली. नानांनी बरणी उजेडात धरली, तो केशरी रंग नीट निरखला आणि सुधाताईंकडे वळले.

"फक्त यंदा साखर वेगळी घालू नका. ती यात आलीच आहे."