खांबेट्यांची मासिक प्रगती

दर महिन्याच्या एक तारखेला आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी लागते. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची, मुंगीएवढं अक्षर, चारी कोपऱ्यांत चार टाचण्या. 'टाकी सफाईनिमित्त पाणी बंद'च्या शेजारी. मथळा, 'मासिक प्रगती'. खाली मजकूर : 'दोन पाय बसवले. तीन चेहरे नापास. बादली पास. कुत्रा रीवर्क.' आणि सही, वि. ग. खांबेटे, फ्लॅट ३०१.

आता तुम्हीच सांगा, असली चिठ्ठी वाचून शहाण्या माणसाने काय समजायचं?

मी या सोसायटीचा सेक्रेटरी, कदम. सदाशिव पेठ, तीन मजले, अठरा फ्लॅट, लिफ्ट नाही. त्याआधी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली, त्यामुळे स्वभाव संशयी झालाय हे मला मान्य आहे. बायको म्हणते, "झालाय कसला, होताच." असेल. पण कागद दिसला की त्यामागे काय आहे ते हुंगल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि खांबेट्यांचा कागद चार वर्षं हुंगूनही काही वास लागला नव्हता.

"अहो, विचारा की त्यांना सरळ," बायको म्हणायची.

विचारायचं? म्हणजे आपल्याला कळत नाही हे त्यांना कळू द्यायचं? मी बोर्डासमोर उभा राहून चिठ्ठी वाचायचो, "हं" म्हणायचो आणि पुढे जायचो. सगळेच तसं करायचे.

खांबेटे उंच, सडसडीत. पांढरा हाफ शर्ट, खिशात पेन्सिल, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, इन्स्पेक्शन सुटलेलं नाही. जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या दृष्टीने एकतर पास, नाहीतर रिजेक्ट, नाहीतर रीवर्क, म्हणजे पुन्हा करा. गणपतीत आमच्या घरून मोदक पाठवले तर ताटली परत देताना म्हणाले, "पास. पण कळ्या असमान." बायकोने त्या वर्षापासून त्यांना मोदक बंद केले आणि मलाही जरा कमीच वाढले. लग्न केलेलं नाही. का, ते विचारायची कोणाची छाती नाही. मुली रिजेक्ट होत गेल्या असणार, असं आम्ही आपापसात ठरवून टाकलंय.

एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं, असतो एकेक नग. पण हा माणूस बघायचा. सारखा बघायचा. गॅलरीत उभं राहून, एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिल उभी धरून. आपण खाली स्कूटर पुसत असावं आणि वर बघावं तर तिसऱ्या मजल्यावरून आपल्यावर पेन्सिल रोखलेली. एकदा जिन्यात मला अडवून म्हणाले, "कदम, जरा उजवीकडे वळा." मी वळलो. का वळलो कोण जाणे. "तुमचा डावा खांदा खाली आहे. किती वर्षं?"

"जन्मापासून," मी म्हणालो.

"अस्सं. बरं झालं सांगितलंत," असं म्हणून त्यांनी ते वहीत लिहून घेतलं!

त्या वहीत काय असतं ते एकदा मला दिसलं. ते चप्पल घालायला वाकले होते आणि वही कठड्यावर उघडी पडली होती. मी वाकून वाचली. यात लाजायचं काही नाही, सेक्रेटरीचं कामच आहे ते. पानावर लिहिलं होतं : 'देवधर बाई, सव्वासात, दूध, पिशवी डाव्या कुशीत.' खाली : 'कदम, नऊ वाजून दहा, पाण्याच्या मोटरपाशी. पोट पुढे, हात मागे. रोज.' ते 'रोज' मी दोनदा वाचलं. हा माणूस पुरावे गोळा करत होता!

कशाचे, तेही सांगतो. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जायची आहे. स्लॅब गळतो, पाइप गंजलेत, दुसऱ्या मजल्यावरच्या देवधर बाईंना दोन मजले चढताना तीनदा बसावं लागतं. चार वर्षं मीटिंगा झाल्या. कायद्याने बहुमत पुरतं, पण बिल्डर म्हणाला की अठराच्या अठरा सह्या आणा, नंतर कोर्टकचेरी नको. सतरा झाल्या. अठरावी खांबेट्यांची. दर वेळी मी संमतीपत्र घेऊन वर जायचो आणि ते दार अर्धवट उघडून म्हणायचे, "करणार आहे. काम पूर्ण झालं की करतो." कसलं काम, ते नाही. दार बंद.

आमचे अध्यक्ष इनामदार म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय. हा दुसऱ्या बिल्डरला फितूर आहे." मलाही तेच वाटत होतं. बिल्डरने शेवटची मुदत दिली, येत्या नऊ तारखेची. नाहीतर तो दुसरीकडे जाणार आणि आम्ही गळक्या स्लॅबखाली बादल्या लावत बसणार. झोप उडाली होती माझी.

त्यात ती बाहुली सापडली.

त्या महिन्याच्या चिठ्ठीत शेवटी एक नवीनच ओळ होती : 'एक बाई हरवली आहे. शोध चालू.' आम्ही सगळ्यांनी वाचली, "हं" म्हणालो. दोन दिवसांनी झाडूवाल्या मावशींना दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर काहीतरी सापडलं, ते त्यांनी देवधर बाईंना नेऊन दिलं. अंगठ्याच्या पेराएवढी एक बाई. जांभळी साडी, पांढरा अंबाडा, नाकावर चष्मा, कुशीत दुधाची पिशवी. हुबेहूब देवधर बाई! आणि उजवा हात खांद्यापासून तुटलेला.

आता योगायोग असा, की देवधर बाईंचा उजवा खांदा गेले दोन महिने आखडलाय.

दहा मिनिटांत आमच्या घरात सभा भरली. बाहुली स्टीलच्या वाटीत, वाटीवर झाकण. देवधर बाई सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, "माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. पण हात तर दुखतोय ना?"

"कोणता हात तुटलाय, उजवाच ना?" इनामदारांनी झाकण उचलून खात्री केली आणि घाईने परत ठेवलं. ते पेशाने वकील. "माझाही विश्वास नाही. पण वाटीत एखादं लिंबू ठेवायला काय हरकत आहे?"

"लिंबं महाग आहेत," बायको म्हणाली. "आणि मला तर ती गोड दिसतेय."

शेवटी ठरलं की सेक्रेटरीने वाटी घेऊन वर जावं आणि सोक्षमोक्ष लावावा. असल्या वेळी सगळ्यांना सेक्रेटरी आठवतो. मी संमतीपत्र खिशात घातलं, वाटी हातात घेतली आणि सकाळी साडेअकराला ३०१ची बेल वाजवली.

खांबेट्यांनी दार उघडलं, मी झाकण उचललं. त्यांचा चेहरा असा उजळला की मी एक पाऊल मागे सरलो.

"सापडल्या! कुठे होत्या? पाच दिवस मी जिना हाताने चाचपतोय. ऊन दाखवायला खाली घेऊन चाललो होतो, खिशातून पडल्या. हात कुठाय?"

"कोणाचा?"

"देवधर बाईंचा हो! जाऊ दे, नवा करू. या, आत या."

बावीस वर्षांत मी त्या घरात पहिल्यांदा पाय ठेवला. जेवणाच्या टेबलावर प्लायचा तुकडा होता आणि त्यावर आमची बिल्डिंग उभी होती. आमचीच! गंजलेला पाइप, जिन्याची फुटकी जाळी, पार्किंगमधला तेलाचा डाग, नोटीस बोर्डसुद्धा. आणि माणसं. प्रत्येक गॅलरीत, जिन्यात, अंगणात. पेराएवढी, पण बघताक्षणी ओळखू येणारी. इनामदार फोनवर हातवारे करत होते. माझी बायको मिरच्या वाळत घालत होती. मोटरपाशी एक गृहस्थ उभे होते, पोट पुढे, हात मागे, डावा खांदा खाली. मी माझ्या खांद्याला हात लावून पाहिला.

"फ्यूजच्या तारेचा सांगाडा," खांबेटे सांगू लागले. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "त्यावर पुट्टी. वाळली की कानसायची. मग रंग, तीन केसांच्या ब्रशने. श्वास रोखून मारायचा, नाहीतर भुवई गालावर जाते. महिन्याला फार तर एक माणूस पास होतो. तुम्ही चारदा रिजेक्ट झालात."

"मी? का?"

"चेहऱ्यावर संशय येत नव्हता. नुसतेच रागीट दिसायचात."

खालच्या पायरीपाशी पहिल्या मजल्यावरचे फडके आजोबा खुर्चीत बसले होते. ते गेल्या दिवाळीआधी गेले. खांबेट्यांनी बोटाच्या टोकाने त्यांच्यावरची धूळ उडवली. "हे गेले तेव्हा एक पाय राहिला होता. घाईत पूर्ण केला. जरा डेविएशन आहे, माप चुकलंय, पण ठेवलाय."

मी खुर्चीत बसलोच. "खांबेटे, हे सगळं चार वर्षं लपवून का केलंत?"

"लपवून?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मोदकाची कळी मोडली. "दर महिन्याला बोर्डावर लावतोय की! आमच्या खात्यात काम चालू असलं की प्रगती फळ्यावर लिहायची पद्धत होती. येणारा-जाणारा विचारायचा, कुठवर आलं? म्हटलं, इथेही कोणीतरी विचारेल." मग भिंग शर्टाला पुसत म्हणाले, "तुम्ही सगळे वाचायचात. मी वरून बघायचो. वाचून 'हं' म्हणायचात."

अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या! अठ्ठेचाळीस वेळा हा माणूस 'या' म्हणत होता आणि मी त्यात बिल्डर शोधत होतो. लाज वाटली मला, अगदी मनापासून वाटली.

"संमतीपत्र आणलंय ना? करतो सही," ते म्हणाले. "बिल्डिंग पाडायला माझी हरकत कधीच नव्हती. फक्त पडायच्या आत सगळे उतरवून घ्यायचे होते. देवधर बाईंचा हात झाला की एकच बाकी राहतो." त्यांनी ड्रॉवरमधून काड्यापेटी काढली. आत कापसावर एक उंच, सडसडीत माणूस होता. पांढरा हाफ शर्ट, गळ्यात केसाएवढ्या दोरीला भिंग. पूर्ण झालेला.

"हा तर पास दिसतोय."

"पास आहे. पण ठेवू कुठे?"

"गॅलरीत ठेवा. तिथेच असता तुम्ही."

"ठेवून पाहिला. सगळे खाली आणि हा एकटा वर. बरं दिसत नाही. आणि मी न पाहिलेलं कधी करत नाही. तुम्हाला सगळ्यांना पाहिलंय मी, कोण कुठे थांबतं, कोणाशी बोलतं. मला स्वतःला कसं पाहणार? कदम, तुम्ही पाहिलंयत का हो मला? खाली? कोणाशी बोलत उभा असताना?"

मी आठवू लागलो. या बिल्डिंगमध्ये कोण कधी येतो, कधी जातो, कोणाकडे किती पाहुणे उतरले, सगळं माझ्या डोक्यात आवक-जावक रजिस्टरसारखं असतं. बावीस वर्षं चाळली. जिना चढणारे खांबेटे होते, उतरणारे होते. थांबलेले एकदाही नव्हते. एकदा अडवून बोलले होते, तेव्हा खांद्याचं सांगून मी सटकलो होतो.

"चला," मी उठलो. "खाली चला."

"कशाला?"

"उभे राहू. म्हणजे पाहिल्यासारखं होईल."

त्यांनी शर्ट बदलला. खरंच, शर्ट बदलून आले. आम्ही दोघं मोटरपाशी जाऊन उभे राहिलो. ते अगदी सावधान. हातांचं काय करावं ते दोघांनाही समजेना.

"काय बोलायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाण्याबद्दल बोला. प्रेशर कमी आहे म्हणा."

"प्रेशर कमी आहे."

"हो ना."

वरून देवधर बाईंचा आवाज आला. "अहो कदम! कबूल केलं का त्यांनी?" मी हातानेच 'या' म्हणालो. त्या दोनदा बसत खाली आल्या. मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी खांबेट्यांना नखशिखांत न्याहाळलं, शाळेत उशिरा आलेल्या मुलाला बघावं तसं.

"साडी जांभळी कशाला केलीत? माझी मोरपंखी आहे."

"जांभळीच आहे. मी उन्हात पाहिलीय."

"मी नेसते की तुम्ही नेसता?"

"मग नेसून या आणि उन्हात उभ्या राहा! आत्ता तपासू!"

"येतेच!" म्हणाल्या आणि खरंच जिना चढू लागल्या. खांबेटे हसत होते. दात दिसेपर्यंत. बावीस वर्षांत मी या माणसाचे दात पाहिले नव्हते.

मग त्यांना एकदम आठवलं. खिशातून पेन काढून ते म्हणाले, "झालं की काम. हात तेवढा रात्री बसवतो. आणा तो कागद, करतो सही."

कागद माझ्या खिशात होता. त्या सहीसाठी मी चार वर्षं जिने झिजवले होते. मुदतीला अजून सहा दिवस होते.

"आज राहू द्या," मी म्हणालो. "उद्या घेतो. नऊ दहाला मी इथे असतोच. तुम्ही खाली या."

"आणि परवा?"

"परवाही या. सही झाली म्हणून काय झालं?"

त्यांनी पेनचं टोपण लावलं, परत काढलं, परत लावलं. "बसायला खुर्ची आणू का येताना?" त्यांनी विचारलं.

"दोन आणा," मी म्हणालो. "देवधर बाईंनाही लागेल."