डोमाजीभाऊंची भाडेवाढ

दिवाळी आटोपली की आमचे घरमालक डोमाजीभाऊ टोपी घालायचे, मागच्या अंगणातून सरळ यायचं सोडून रस्त्यानं फिरून यायचे आणि आमचं समोरचं दार वाजवायचे. एरवी दिवसातून दहादा बनियनवर डोकावणारा माणूस! पण हे येणं मालक म्हणून असायचं.

"बाई, किराया वाढवून राह्यलो."

त्र्याऐंशी साली मी वडशाच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा पहिल्यांदा हे ऐकून मी मनातल्या मनात पगाराचा हिशेबच मांडू लागले. ह्यांची राईस मिलमधली नोकरी सुटलेली, घर माझ्या एकटीच्या पगारावर. तर भाऊ मान खाली घालून म्हणाले, पैसे आहेत तेवढेच राहू द्या, उद्यापासून संध्याकाळी एक कप चहा जास्त टाका. मी म्हटलं, अहो, हे काय भलतंच! तर म्हणे, महागाई किती वाढली, बघता ना.

पुढच्या वर्षी चहासोबत पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा, तोही निधनवार्तांपासून. त्याच्या पुढच्या वर्षी, हिवाळ्यात आमच्याकडचं रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक लागलं की सोबत न्यायचं. नेलं. पहिल्याच अंकात भाऊ ह्यांच्या खांद्यावर घोरू लागले आणि सकाळी गल्लीभर सांगत सुटले, नाटकात काही दम नव्हता. वसुली मात्र कडक. मी माहेरी राहून आले की तितक्या दिवसांचे सगळे पेपर एका बैठकीत वाचायला लावायचे. डोकं उठायचं माझं.

शेजारचे धानाचे व्यापारी त्यांना हसायचे. यांना काढा, नवा भाडेकरू दुप्पट देईल, म्हणायचे. भाऊंचं उत्तर ठरलेलं, "चांगल्या भाडेकऱ्याले झेपन असाच किराया वाढवा लागते."

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुलं नागपूरला. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मग एका दिवाळीनंतर ते असेच आले. तोवर स्टेशनाकडे आमचं दोन खोल्यांचं घर बांधून झालं होतं, आणि भाऊंना ते सांगायचं मी आठवडाभर टाळत होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं.

"चांगलं झालं," म्हणाले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कितीतरी वेळ तिची घडी नीट करत बसले.

"बाई, किराया कमी करू का? चहा नको, पेपर नको. सकाळी तुमच्याकडे भांडे वाजतेत, तेवढे आयकाले आले का झालं."

मला रडूच फुटलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे भिंतीकडे तोंड करून उभे.

स्टेशनाकडच्या घरात आम्ही भाडेकरू ठेवला. भाऊ होते तोवर तिथं राहायला गेलो नाही.